माकुलाचं एक वर्ष: अंडी ओळखा, पिल्लं वाचवा

पश्चिम किनाऱ्यावरची पावसाळी मासेमारी बंदी 31 जुलैला संपते. नारळी पौर्णिमेचा नारळ दर्याला पोचतो, होड्या आणि ट्रॉलर बाहेर पडतात, आणि पुढच्या काही आठवड्यांत मिरकरवाड्यापासून ससून डॉकपर्यंत माकुलाचे खोके उतरायला लागतात. सप्टेंबर ते डिसेंबर हा या मालाचा ऐन हंगाम. लिलावात भाव ठरतो तो आकारावर. मोठं माकूल निर्यातीला जातं, मधलं हॉटेलांत आणि घरांत, बारीक माल कवडीमोलानं सुटतो. या खोक्यांकडे पाहताना नाखवा, तांडेल, खलाशी, व्यापारी आणि गिऱ्हाईक अशा सगळ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. त्यातलं जवळजवळ प्रत्येक माकूल गेल्या वर्षी याच दिवसांत अंड्यात होतं, किंवा अंड्यातही नव्हतं.

सुरमई, हलवा, घोळ हे मासे अनेक वर्षं जगतात आणि दरवर्षी अंडी सोडतात. एखादं वर्ष वाईट गेलं तरी समुद्रात जुनी, मोठी मादी शिल्लक असते आणि पुढच्या वर्षी ती तूट थोडीफार भरून काढते. माकुलाच्या मागे अशी शिल्लक नसते. साधारण वर्षभरात ते जन्मतं, वाढतं, वयात येतं, अंडी घालतं आणि मरतं. आई-बाप आणि पिल्लं एकाच वेळी समुद्रात फारशी नसतातच. त्यामुळे यंदाची अंडी बुडाली, तर पुढच्या हंगामाचा माल बुडाला. या लेखात जे सांगायचं आहे, ते सगळं या एका गोष्टीतून निघतं. म्हणून अंडी कुठे असतात, ती कशी ओळखायची, ती हाताशी आली तर काय करायचं आणि पिल्लं किती वेगानं मोठी होतात, हे धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असलं पाहिजे.

आधी माकूल कोणतं ते पाहा

आपल्याकडे माकूल किंवा म्हाकूल म्हणताना दोन वेगळे प्राणी एकाच नावात येतात. एक लांबट नळीसारखा. त्याच्या पाठीत पारदर्शक, लवचीक पट्टी असते. दुसरा रुंद, जाडसर, आणि त्याच्या पाठीत पांढरं, खडूसारखं ठिसूळ हाड असतं. किनाऱ्यावर वाहून येणारं समुद्रफेस म्हणतात ते हेच हाड. पक्षी पाळणारे ते पिंजऱ्यात टांगतात, आयुर्वेदात ते समुद्रफेन या नावानं आहे. हा लेख या हाडवाल्या माकुलाबद्दल आहे. त्यातही मुख्यत्वे फारो माकुलाबद्दल, ज्याचं शास्त्रीय नाव सेपिया फॅराओनिस. एरेनबर्ग या जर्मन शास्त्रज्ञानं 1831 मध्ये त्याला हे नाव दिलं. तांबड्या समुद्रापासून अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर ओलांडून पार जपान, ऑस्ट्रेलियापर्यंत ते सापडतं. पाठीची लांबी 40 सेंटिमीटरच्या पुढे आणि वजन पाच किलोच्या आसपास जाऊ शकतं. आपल्या उष्ण पाण्यातली ही मोठी आणि सर्वांत जास्त पैसा देणारी जात.

खोक्यात मात्र तिच्याबरोबर आणखी तीन जाती मिसळलेल्या असतात: सेपिया अक्युलिआटा, सेपिया एलिप्टिका आणि लहानखुरी सेपिएला इनर्मिस. यातल्या शेवटच्या जातीकडे नीट लक्ष द्या, कारण सगळ्यात जास्त घोटाळा तिच्यामुळे होतो. सेपिएला जेमतेम 12 सेंटिमीटरपर्यंत वाढते आणि त्याच्या निम्म्या आकाराची असतानाच अंडी घालू लागते. फारो माकूल त्या आकाराचं असतं तेव्हा अगदी पोर असतं. लहान दिसलं की पिल्लू आणि मोठं दिसलं की पिकलेलं, असा सरसकट हिशेब केला तर दोन्ही बाजूंनी चूक होते.

ओळखायची रीत सोपी आहे. माकूल उलटंपालटं करून शेपटीकडचं टोक बोटानं चाचपा. फारो माकुलाच्या आणि अक्युलिआटाच्या हाडाला त्या टोकाशी बारीक काटा असतो, तो बोटाला टोचतो. सेपिएलाच्या हाडाला काटा नसतो, आणि तिथेच कातडीवर एक छोटं भोक असतं, ज्यातून तपकिरी चिकट द्रव येतो. फारो माकुलाच्या पाठीवर आडवे, नागमोडी पट्टे असतात. नराच्या अंगावर ते जास्त ठळक दिसतात. मेल्यानंतर ते फिके होतात, पण ताज्या मालात ओळखू येतात. अक्युलिआटाशी गोंधळ झाला, तर शिकार पकडायच्या दोन लांब शुंडांची टोकं ताणून पाहा. अक्युलिआटाच्या टोकावरच्या चूषकांच्या रांगा बारीक आणि एकसारख्या असतात. फारो माकुलाच्या टोकावर मधले काही चूषक बाकीच्यांपेक्षा ठसठशीत मोठे असतात.

लांबी मोजताना डोकं आणि भुजा धरायच्या नाहीत. पाठीची लांबी, म्हणजे डोक्यामागच्या कडेपासून शेपटीच्या टोकापर्यंत, एवढंच माप खरं. भुजा आखडतात, ताणल्या जातात, बर्फात वेड्यावाकड्या होतात, पाठ मात्र बदलत नाही. हाडाची लांबीही पाठीच्या लांबीच्या जवळपास असते. म्हणून वाळूत सापडलेलं अखंड हाड मोजलं, की ते माकूल केवढं होतं याचा अंदाज येतो. शाळा-महाविद्यालयांना किनाऱ्यावर करण्यासारखा इतका सोपा आणि इतका उपयोगी दुसरा उपक्रम मला सुचत नाही. बंदीनंतरच्या महिन्यांत दर पंधरवड्याला एकाच किनाऱ्यावरची हाडं गोळा करून मोजली, टोकाला काटा आहे का ते नोंदवलं, तरी त्या गावासमोरच्या समुद्रात काय चाललंय याचं बरंच काही कळतं.

वाढ: भूक आणि पाण्याची ऊब

अंड्यातून बाहेर पडलेलं फारो माकुलाचं पिल्लू सहा ते आठ मिलिमीटरचं असतं. कोळंबी किंवा बांगड्याची पिल्लं सुरुवातीला आई-बापांसारखी दिसत नाहीत आणि प्रवाहाबरोबर कुठेही वाहत जातात. माकुलाचं तसं नाही. ते बाहेर येतं तेच हुबेहूब माकूल म्हणून. आठ भुजा, दोन शुंडा, रंग बदलणारी कातडी, शाईची पिशवी, पाठीत हाडाचे पहिले थर, सगळं तयार. पहिल्या दिवसापासून ते तळाशी बसतं, वाळूशी रंग जुळवतं आणि शिकार करतं. म्हणजे जिथे अंडी घातली, त्याच परिसरात ते पहिले आठवडे काढतं. या गोष्टीचा अर्थ मासेमारीच्या दृष्टीनं फार मोठा आहे. एखाद्या गावासमोरच्या खडपात अंडी टिकली, तर त्याचा फायदा त्याच भागातल्या जाळ्यांना मिळायची शक्यता बांगड्यापेक्षा किती तरी जास्त.

खाणं जिवंत लागतं. आधी बारीक झिंगे आणि जवळ्याची पोरं, मग कोळंबी, लहान मासे, खेकडे. पुरेसं खाणं मिळालं नाही, की भावंडंच एकमेकांना खातात. सुरुवातीच्या दोन-तीन महिन्यांत वाढीचा वेग थक्क करणारा असतो. पुढे तो मंदावतो, कारण खाल्लेलं अन्न अंगाऐवजी अंडी आणि शुक्र तयार करण्याकडे वळतं. केरळमध्ये विळिंजमला केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं या जातीचं अख्खं जीवनचक्र टाक्यांमध्ये पूर्ण करून दाखवलं. त्याचा वृत्तांत 2005 मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे सुमारे साडेसात महिन्यांत पिल्लं सरासरी अर्ध्या किलोची झाली. अमेरिकेत टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टन इथल्या प्रयोगशाळेत हीच जात पिढ्यान्‌पिढ्या वाढवली गेली. तिथे 25 ते 28 अंश सेल्सिअस पाण्यात चार-पाच महिन्यांतच तिनं अंडी घातली होती.

पाणी उबदार, की वाढ भराभर आणि वयात येणंही लवकर. पण त्याची किंमत असते. लवकर पिकलेलं माकूल लहान आकारातच पिकतं, आणि लहान मादीच्या पोटात अंडी कमी. शिवाय एकाच दिवशी, एकाच घोसातून निघालेल्या भावंडांमध्येही आकाराचा मोठा फरक पडतो. त्यामुळे लांबीवरून वय सांगताना कुणी ठाम आकडा दिला, तर तो सावधपणे घ्या. हाडावर आडवे थर दिसतात. झाडाच्या खोडातली वर्तुळं मोजावीत तसे ते मोजून वय काढण्याचा प्रयत्न अनेकांनी केला आहे. पण थर किती पडतील हे खाण्यावर आणि पाण्याच्या तापमानावरही अवलंबून असतं, म्हणून ते काही रोजचं पंचांग नव्हे.

याच हाडाचं दुसरं काम तरंगण्याचं. ते भरीव नसतं, बारीक कप्प्यांचं असतं. कप्प्यांतलं पाणी आत-बाहेर करून माकूल वर किंवा खाली राहतं. फार खोल गेलं तर पाण्याच्या दाबानं हाड पिचेल, म्हणून हा प्राणी किनाऱ्यालगतच्या उथळ पट्ट्यातच राहतो. फारो माकूल 130 मीटरपर्यंत सापडतं, पण जास्तीत जास्त माल 40 मीटरच्या आत, आणि अंडी घालायच्या दिवसांत आणखी अलीकडे. म्हणजे आपली बहुतेक मासेमारी जिथे चालते, नेमकी तीच त्याची राहायची आणि विणीची जागा. त्याला पळून जायला खोल समुद्र मोकळा नाही. दुसऱ्या बाजूनं गोडं पाणीही त्याला सोसत नाही. भर पावसात खाडीच्या तोंडाशी पाण्याचा खारटपणा घटतो तेव्हा फारो माकूल तिथून लांब सरकतं. पावसाळा सरल्यावर पाणी पुन्हा खारट होतं, जवळा आणि लहान मासळी भरपूर होते, आणि माकूल काठाकडे येतं.

जोडी, अंडी आणि त्यानंतर

उष्ण समुद्रात विणीचा एकच मुहूर्त नसतो. पिकलेली मादी वर्षाच्या कोणत्याही महिन्यात सापडू शकते. पण भर असतो तो काही महिन्यांत, आणि तो प्रत्येक किनाऱ्यावर वेगळा. केरळ आणि कर्नाटकाच्या किनाऱ्यावर पावसाळ्यानंतर मोठी, पिकलेली माकुलं घोळक्यानं उथळ पाण्यात येतात. कोकण आणि गोव्यालाही हे दिवस लक्ष ठेवण्यासारखे. आपल्या बंदराचा खरा भर कधी असतो हे मात्र तिथल्याच नोंदींवरून ठरवायला हवं. ती नोंद कशी ठेवायची ते पुढे सांगतो.

नर मादीभोवती पहारा देतो. दुसरा नर जवळ आला की अंगावरचे पट्टे गडद करून, भुजा पसरून त्याला दटावतो. जोडी समोरासमोर येते, भुजा एकमेकांत गुंततात, आणि नर आपल्या डाव्या बाजूच्या चौथ्या भुजेनं शुक्राच्या नळ्या मादीच्या तोंडाखालच्या पडद्यावर ठेवतो. त्याआधी तो आपल्या नळीतून पाण्याचा झोत मारून तिथलं आधीच्या नराचं शुक्र धुऊन काढायचा प्रयत्न करतो. मादी हे शुक्र साठवते आणि अंडी घालताना वापरते. एकेक अंडं भुजांमध्ये धरून, फलित करून, त्याचा देठ आधाराला गुंडाळून ती बांधते. हे काम घाईचं नाही. एका अंड्याला मिनिटं लागतात, मादी सगळी अंडी एकदम घालत नाही, आणि एकाच आधारावर अनेक माद्या एकामागून एक येऊन बांधत जातात.

फारो माकुलाची अंडी पांढरट, अर्धपारदर्शक, एका बाजूला निमुळती असतात. पुष्कळ अंडी एकत्र बांधलेली, म्हणजे पाण्यात फिकट द्राक्षांचा घड लोंबतोय असंच दिसतं. सेपिएलाची अंडी काळी, कारण तिची मादी वेष्टनात शाई मिसळते. जाळ्याला किंवा दोरीला असे पांढरे किंवा काळे मणी चिकटलेले दिसले, तर ती समुद्रातली घाण समजून खरवडून टाकू नका. ती अंडी आहेत.

एक मादी शेकड्यांनी अंडी घालते, मोठी असेल तर हजार-दीड हजारांपर्यंत. हे आकडे ऐकायला मोठे वाटतात. पण सुरमई किंवा बांगड्याची एक मादी लाखांनी अंडी सोडते. माकूल थोडी अंडी घालतं आणि प्रत्येकात भरपूर अन्न भरतं. म्हणूनच यातल्या एका अंड्याची किंमत बांगड्याच्या अंड्याशी तोलता येत नाही. जाळ्याच्या दोरीवरचे दोनशे मणी उन्हात सुकले, तर एका मादीच्या आयुष्यभराच्या मेहनतीतला मोठा वाटा गेला.

अंडं 28 अंशांच्या आसपासच्या पाण्यात साधारण दोन आठवड्यांत फुटतं. थंड पाण्यात जास्त दिवस लागतात. दिवस भरत येतात तसं अंडं पाणी शोषून फुगतं, आवरण पातळ होतं आणि आतलं पिल्लू स्पष्ट दिसू लागतं. डोळे काळेभोर, अंगावर रंगाचे ठिपके, मधूनच हालचाल. ते पिल्लू आतून बाहेरचं पाहतही असतं. युरोपातल्या एका नातलग जातीवर फ्रान्समध्ये झालेल्या प्रयोगात अंड्यातूनच खेकडे पाहिलेल्या पिल्लांनी बाहेर आल्यावर खेकड्यांना पसंती दिली होती. ज्या प्राण्याचं शिक्षण अंड्यात सुरू होतं, त्याला आपण जाळ्याच्या कचऱ्यात फेकतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

अंडी घालून झाली की मादी खंगते. मांस सैल पडतं, कातडीचा रंग जातो, आणि थोड्याच दिवसांत ती मरते. नराचंही तेच. अशी खंगलेली माकुलं बाजारात आली तर ती हाताला लिबलिबीत लागतात आणि चवीलाही कमी. घ्यायची असतील तर घट्ट अंगाचीच घ्या.

हाताशी अंडी आली तर

अंड्याला हवे असतात ते दोन आठवडे, वाहतं खारं पाणी आणि सावली. एवढं मिळालं तर बाकी सगळं ते स्वतः करतं. त्यामुळे पहिला नियम असा: सापळा, दोरी, नांगराचा दोर, बोयऱ्याची साखळी, जे काही पाण्यातून काढताना अंडी दिसतील, ते काढायची निकड नसेल तर परत सोडा आणि पंधरा-वीस दिवसांनी काढा. फ्रान्सच्या किनाऱ्यावर माकुलाच्या सापळ्यांवर हजारो अंडी चिकटतात, आणि हंगाम संपल्यावर सापळे लगेच धुऊन न टाकता अंडी फुटेपर्यंत पाण्यात ठेवावेत असा सल्ला तिथल्या मच्छीमारांना दिला जातो. आपल्याकडे पाणी उबदार असल्यामुळे त्यांच्या मानानं फारच थोडे दिवस थांबावं लागतं.

सामान परत सोडणं शक्य नसेल, तर अंडी चिकटलेला भाग तेवढा कापून घ्या. अंडी एकेक तोडू नका, देठ तुटला की आवरण फाटतं. तुकडा समुद्राच्याच पाण्यानं भरलेल्या बादलीत, ओल्या गोणपाटाखाली ठेवा. बर्फ किंवा गोड्या पाण्याचा हात लागू देऊ नका. मग जवळच्या शांत पण वाहत्या पाण्यात, ओहोटीला उघड्या पडणाऱ्या पट्ट्याच्या खाली, तळाला न टेकता तो टांगा. जेटीच्या खांबाला टांगायचा असेल, तर जिथे डिझेल आणि सांडपाणी साचतं ती बाजू टाळा. भरकटलेली जाळी समुद्रातून काढणाऱ्या पाणबुड्या मंडळींनीही हेच करावं. जाळं काढायलाच हवं, पण काढण्याआधी त्यावर अंडी आहेत का ते पाहा. मालवण, तारकर्ली भागात पर्यटकांना पाण्याखाली नेणाऱ्यांनी अंड्यांचा घड लांबून दाखवावा. हात लावू देऊ नये.

नारळाच्या रिकाम्या पेंडी वजन बांधून समुद्रात सोडायच्या आणि भोवती जमलेलं माकूल गळानं धरायचं, ही पद्धत गेल्या काही वर्षांत केरळ, कर्नाटक आणि गोव्याच्या समुद्रात पसरली. अशा पेंडींकडे माकूल येतं ते अंडी घालायला. म्हणजे तिथे गळाला लागणारं जवळजवळ प्रत्येक मोठं माकूल विणीवर आलेलं असतं. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या गीता शशिकुमार, के. सुनीलकुमार मोहम्मद आणि सहकाऱ्यांनी कर्नाटकाच्या किनाऱ्यावर याचा अभ्यास करून 2015 मध्ये हाच धोका मांडला. पिकलेल्या माद्या विणीआधीच उचलल्या जातात, आणि त्याच्याच मागोमाग पेंडींवरची अंडीही. पेंडी लावणारे आणि ट्रॉलरवाले यांच्यात तिथे भांडणंही झाली. माझं मत स्पष्ट आहे: पेंड लावून नुसतं धरत राहणं म्हणजे बियाणं विकून खाणं. पण त्याच पेंडी, त्याच जागा, मासेमारी न करता दोन-तीन महिने ठेवल्या, तर त्या अंड्यांसाठी उत्तम आधार होतात. खडक नसलेल्या चिखलाळ किनाऱ्यावर अंडी बांधायला जागाच कमी असते. एखाद्या मच्छीमार सहकारी संस्थेनं ठरवून चार-पाच ठिकाणी असे आधार लावले आणि तिथे गळ, जाळं काही टाकायचं नाही असा गावाचा नियम केला, तर तो सहज करता येण्यासारखा उपाय आहे. प्लास्टिकच्या दोऱ्या मात्र नकोत. काथ्या वापरा, तो पुढे कुजून जातो.

ट्रॉलरवरच्या तांडेलाला एक वेगळी गोष्ट सांगायची आहे. ओढीतून आलेलं माकुलाचं पिल्लू बहुधा वाचत नाही. जाळ्याच्या शेवटच्या पिशवीत, म्हणजे खोल्यात, दबून, फळीवर पडून ते मेलेलंच असतं, त्यामुळे नंतर समुद्रात फेकून पुण्य लागत नाही. वाचवायचं तर जाळ्यात येऊच देऊ नये. त्यासाठी 40 मिलिमीटर चौकोनी आसाचा, म्हणजे जाळ्याच्या भोकाचा, खोला वापरावा, असं शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं सांगत आहेत. नेहमीचा शंकरपाळी आस ओढ बसली की मिटतो, चौकोनी आस उघडा राहतो आणि बारीक जीव निसटतात. दुसरं, ओढीत फारो माकुलाची पोरं मोठ्या प्रमाणात दिसली, तर ती जागा सोडा आणि खोली बदला. अर्ध्या तासाचं डिझेल जाईल, पण ती पोरं दोन-तीन महिन्यांत कितीतरी पटींनी वजनदार होणार असतात. इतक्या वेगानं वाढणारा दुसरा माल तुमच्या जाळ्यात क्वचितच येतो. महाराष्ट्र शासनानं 2023 मध्ये 54 जातींसाठी पकडण्याचं किमान आकारमान ठरवलं आहे. ती यादी मत्स्यव्यवसाय खात्याच्या कार्यालयातून घेऊन बोटीवर लावून ठेवा.

फारो माकुलाची मादी आपल्याकडे पाठीच्या 15 सेंटिमीटरच्या पुढेमागे पिकते. खात्री करायची तर कापून पाहा. मादीच्या पोटात दोन मोठ्या, शुभ्र, लांबट ग्रंथी दिसतात. पिकत आलेल्या मादीत त्या टपोऱ्या असतात, त्यांच्या पुढे नारिंगी रंगाच्या लहान ग्रंथींचा जोड असतो, आणि मागच्या बाजूला पिवळसर अंडी भरलेली असतात. पोरवयात याच ग्रंथी बारीक आणि काचेसारख्या पारदर्शक असतात. पिकलेल्या नरात पांढऱ्या, दोऱ्यासारख्या नळ्यांचं पुडकं सापडतं. हे पाहायला शास्त्रज्ञ लागत नाही. धक्क्यावर माल साफ करणाऱ्या बायका रोज हे सगळं पाहतात. फक्त ते कुणी त्यांना विचारत नाही आणि लिहून घेत नाही.

टाकीत वाढवता येईल का?

तरुण मंडळी हा प्रश्न हमखास विचारतात. अंडी फोडणं सोपं आहे. खारटपणा दर हजारी 30 ते 35, तापमान 27-28 अंश, हवा सतत चालू, पाणी स्वच्छ, एवढं सांभाळलं तर बहुतेक अंडी फुटतात. तांब्याची भांडी, पितळी नळ आणि तांबंयुक्त औषधं टाकीजवळ फिरकू देऊ नका. या प्राण्याला तांबं पाण्यातून गेलं तर विष आहे. खरी अडचण पहिल्या महिन्यात येते. पिल्लाला हलतं, जिवंत खाणं दिवसातून अनेकदा लागतं, आणि फक्त आर्टेमियावर, म्हणजे मत्स्यबीजाला देतात त्या बारीक खाद्यजीवावर, ती नीट वाढत नाहीत. जिवंत बारीक झिंगे रोज मिळवायचा बंदोबस्त नसेल, तर या धंद्यात पडू नका. चीनमध्ये झेजियांगच्या किनाऱ्यावर ही जात बंदिस्त पाण्यात वाढवण्यात यश आलं आहे, पण त्यामागे विद्यापीठांचं आणि अंडी उबवण केंद्रांचं मोठं जाळं आहे. आपल्याकडे सध्या शहाणपणाचं काम एवढंच, की जाळ्यावर आलेली अंडी टाकीत फोडून पिल्लं एक-दोन दिवसांत, सकाळच्या थंड वेळी, जिथली अंडी होती तिथेच सोडायची. रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयासारख्या ठिकाणी विद्यार्थी आणि मच्छीमार मिळून हे करू शकतात.

यंदाच्या हंगामासाठी प्रत्येक बोटीवर एक वही ठेवा. माकूल लागलेल्या दिवशी तारीख, जागा, खोली किती वाव, जात कोणती, वीस-पंचवीस माकुलांच्या पाठीची लांबी, त्यातल्या किती माद्या पिकलेल्या आणि जाळ्यावर किंवा दोरीवर अंडी होती का, एवढं लिहा. मोजायला शाळेतली पट्टी चालते. पिकलेल्या माद्या कोणत्या पंधरवड्यात सर्वांत जास्त आल्या ते डिसेंबरअखेर संस्थेच्या बैठकीत सगळ्या वह्या एकत्र ठेवून पाहा. मग त्या पंधरवड्यात आणि त्यानंतरचे वीस दिवस गावासमोरचा कोणता पट्टा मोकळा ठेवायचा, हे त्याच बैठकीत ठरवा, आणि वह्यांची एक प्रत केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या मुंबई केंद्राकडे पाठवा.